डोळे उघडे, पण पोर झोपेत: नाइट टेररच्या रात्री काय करावं आणि दिवसा काय करावं

गणपतीचे दिवस. मुंबईहून आलेली मंडळी ओटीवर गप्पा मारत बसलीयत, माजघरात पोरं ओळीने झोपलीयत. अकराच्या सुमारास आतून किंकाळी येते आणि अख्खं घर आत धावतं. चार वर्षांचं पोर गोधडीवर ताठ उठून बसलंय. डोळे सताड उघडे, कपाळ घामाने डबडबलेलं, छाती भात्यासारखी धपापतेय. "आई, आई" म्हणून रडतंय आणि जवळ घ्यायला आलेल्या आईलाच हाताने ढकलतंय. कोणी म्हणतं तोंडावर पाणी मारा, कोणी देव्हाऱ्यातला अंगारा आणायला पळतं, आजी विचारते, "तिनसांजेक खंय गेल्लो ह्यो?" आठ-दहा मिनिटांत पोर आपसूक आडवं होतं, कूस बदलतं आणि गाढ झोपतं. सकाळी रसात घावणे बुडवून खाताना त्याला रात्रीचं विचारलं, तर ते नुसतं तोंडाकडे बघत राहतं.

डॉक्टर याला नाइट टेरर किंवा स्लीप टेरर म्हणतात. दीड वर्षाच्या आसपासही तो सुरू होऊ शकतो, तीन ते सात या वयात जास्त दिसतो आणि बहुतेक मुलांमध्ये बारा-तेराव्या वर्षापर्यंत आपोआप थांबतो. हे वेड नाही, फिट नाही, आणि यामुळे मेंदूला इजाही होत नाही. त्या दहा मिनिटांत घरच्यांनी करण्यासारखं फार थोडं असतं. खरं काम दिवसा आणि संध्याकाळी करायचं असतं. बहुतेक घरांत नेमकं उलटं चालतं. रात्री सगळ्यांची धावपळ, आणि दुसऱ्या दिवशी तेच पोर पुन्हा साडेदहापर्यंत टीव्हीसमोर.

एकच फेज आली

झोप रात्रभर एकसारखी नसते. ती खोल जाते, वर येते, पुन्हा खोल जाते. लहान मुलांमध्ये अशी एक फेरी साधारण तासा-दीड तासाची असते. सर्वांत खोल झोप पहिल्या काही फेऱ्यांत येते, आणि या वयात ती मोठ्यांपेक्षा कितीतरी गाढ असते. ओटीवर मोठ्याने आरत्या चालू असतात आणि पोर आत ढिम्म हलत नाही, ते यामुळेच. फेरी संपत आली की मेंदूला खोल झोपेतून हलक्या झोपेत यायचं असतं. लहान मेंदूला हा सांधा बदलणं अजून नीट जमलेलं नसतं.

पावसाळ्यात लाइट जाऊन आल्यावर कधीकधी एकच फेज येते. ओटीवरचा बल्ब लागतो, माजघर काळोखात, आणि विहिरीवरचा पंप नुसता घुरघुरतो, पाणी काही चढत नाही. नाइट टेररमध्ये मेंदूचं असंच होतं. हालचाल, आवाज, भीती, छातीचे ठोके यांचे भाग जागे होतात. समोर कोण आहे हे ओळखणारे, बोललेलं समजून घेणारे आणि घडलेलं साठवून ठेवणारे भाग मात्र झोपेतच असतात. म्हणून आई समोर असून दिसत नाही, आणि म्हणूनच सकाळी पाटी कोरी. झोपेत चालणं, उठून बसून बरळणं ही याचीच भावंडं.

हे रक्तातही उतरतं. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतातल्या मुलांचा बरीच वर्षं पाठपुरावा करून 2015 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आईवडिलांपैकी कोणीच झोपेत चालत नसेल तर 22 टक्के मुलं कधी ना कधी झोपेत चालली, एक जण चालत असेल तर 47 टक्के, आणि दोघेही चालत असतील तर 61 टक्के. घरच्या आजीला विचारून बघा. "तुझो बापूस रात्री उठान कडी काढी" अशी एखादी गोष्ट बऱ्याच घरांत निघते.

वाईट स्वप्न ही वेगळी गोष्ट. ते रात्रीच्या उत्तरार्धात, पहाटेकडे पडतं. मूल पूर्ण जागं होतं, गळ्याला बिलगतं, काळा कुत्रा मागे लागला होता म्हणून सांगतं, परत झोपायला घाबरतं आणि सकाळीही त्याला ते आठवतं. तिथे जवळ घ्यायचं, ऐकून घ्यायचं, हवं तर दिवा लावायचा. टेररमध्ये यातलं काहीच लागू पडत नाही. दोन्ही ओळखण्याची सोपी खूण घड्याळात आहे. झोपल्यापासून एक ते तीन तासांत किंचाळलं, जवळ घेतलेलं सोसलं नाही आणि सकाळी काही आठवलं नाही, तर तो टेरर समजा.

पहिल्या रात्री आधी अंथरूण झाडा

शहरातल्या लेखांत हा भाग सापडत नाही, पण कोकणात तो आधी यायला हवा. जमिनीवर झोपलेलं मूल पहिल्यांदाच असं किंचाळलं तर विंचू आणि साप मनात आणलेच पाहिजेत. हातपाय, मान, पाठ बॅटरीच्या उजेडात बघा, उशीखाली बघा, गोधडी झाडा. विंचू चावलेलं मूल जागं असतं, आईला ओळखतं, चावलेली जागा दाखवतं किंवा तिथे हात लावू देत नाही. त्याचं रडणं दहा मिनिटांत मिटून ते गाढ झोपत नाही. लाल विंचवाच्या विषाने दरदरून घाम येतो, उलट्या होतात, लाळ गळते, हातपाय गार पडतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या विषबाधेवर प्राझोसिन हे औषध वापरण्याची पद्धत रूढ केली. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. उपचार आहे, पण तो वेळेत मिळायला हवा. मंत्र-उतारा करण्यात तास घालवायला इथे सवड नाही.

मण्यार आणखी फसवी. दंश फारसा दुखत नाही, खूणही दिसेलच असं नाही. काही वेळाने पोटात दुखतं, उलटी होते, मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या मुलात यातलं काहीही दिसलं, नुसती शंका आली, तरी 108 ला फोन करा. अगदी लहान मूल असेल तर कानही बघा. कानाच्या ठणक्याचं रडणं टेररसारखं अचानक सुरू होतं, पण ते थांबत नाही आणि मूल कानाकडे हात नेत राहतं.

तापात टेरर येणं नेहमीचं आहे, कारण तापाने झोपेची वीण उसवते. पण ताप असलेलं मूल नीट जागं करूनही भलतंच बोलत असेल, मान ताठ असेल, किंवा अंग ताठ होऊन डोळे फिरले आणि हातपाय झटके द्यायला लागले, तर सकाळची वाट न बघता दवाखाना.

ती दहा मिनिटं

एकाच माणसाने जवळ जावं. बाकीच्यांनी माजघराबाहेर थांबावं, दारात गर्दी करून कुजबुजत उभं राहण्यानेही आवाज होतोच. ट्यूबलाइट लावू नका. शेजारच्या खोलीतून येणारा उजेड पुरतो. मुलापासून हातभर अंतरावर खाली बसा. कपाटाचा कोपरा, पलंगाची कड, भिंत, जे काही लागण्यासारखं असेल त्याच्या आणि मुलाच्या मध्ये तुम्ही किंवा एखादी उशी. आल्या आल्या घड्याळ बघा, कारण अशा वेळी पाच मिनिटं अर्ध्या तासासारखी वाटतात आणि डॉक्टरांना खरा आकडा लागतो.

बोलायचंच तर एकच वाक्य, खालच्या आवाजात: "मी इथेच आहे, झोप." काय झालं, कुठे दुखतंय, कोणी मारलं, असे प्रश्न नकोत, उत्तर देणारा भाग झोपलेला आहे. पाठीवर हात ठेवल्यावर शांत होत असेल तर ठेवा, झटकत असेल तर काढून घ्या. उठून चालायला लागलं तर पुढून अडवू नका. बाजूला होऊन खांद्याला हलका हात लावा आणि अंथरुणाकडे वळवा, बहुतेक वेळा ते निमूट वळतं.

घट्ट मिठीत धरणं ही सगळ्यांच्या हातून होणारी चूक. त्यामागे माया असते, पण घाबरलेल्या मेंदूला तेवढंच कळतं की आपल्याला कोणीतरी पकडलंय. मग झटापट वाढते आणि पाच मिनिटांत मिटणारं पंधरा-वीस मिनिटं लांबतं. गदागदा हलवणं, गार पाणी मारणं, चापट देणं, कांदा किंवा चप्पल हुंगवणं या सगळ्याचा परिणाम हाच. तोंडात पाणी, साखर, औषध काही घालू नका. गिळण्याचं भान नसतं, ठसका लागून ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. बंद खोलीत मिरची-मोहरीची धुरी तर मुळीच नको, पोराला श्वास घेणं कठीण होईल आणि डोळे चुरचुरतील ते वेगळंच.

आणि समजा जबरदस्तीने जागं केलंच, तर? मूल शुद्धीवर येतं आणि समोर पाच-सहा घाबरलेले चेहरे बघतं. आता मात्र ते खरोखर घाबरतं, आणि ही भीती त्याच्या लक्षात राहते. दुसऱ्या रात्री झोपायला नको म्हणतं, उशिरा झोपतं, झोप कमी पडते, आणि कमी झोपेमुळे टेरर पुन्हा येतो. घरच्यांनी स्वतःच्या हाताने विणलेलं जाळं.

सगळं शांत झाल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा. शू लागलेली असण्याचा संभव असतो, तेव्हा अर्धवट झोपेतच उचलून नेऊन आणा. सकाळी हा विषय पोरासमोर काढायचा नाही, नकला करायच्या नाहीत, मोठ्या भावंडांनाही तसं बजावून ठेवायचं. "काल तुझ्या अंगात आलेलं" हे वाक्य चार वर्षांच्या पोराला चेष्टा म्हणून कळत नाही.

घरात दुसरं कोणी असेल तर त्याने लांबून, फ्लॅश बंद ठेवून मोबाइलवर व्हिडिओ काढावा. सुरुवात हाती लागत नाही, पण मधलं आणि शेवट दोन्ही आले पाहिजेत. डॉक्टरांसमोर अर्धा तास वर्णन करण्यापेक्षा हा दोन मिनिटांचा व्हिडिओ जास्त सांगतो.

"पोराक भायरचा कायतरी लागला"

हे वाक्य येणारच, आणि आजीशी वाद घालून घरात दोन तट पाडण्यात काही हशील नाही. नारळ ठेवल्यावर, गाऱ्हाणं घातल्यावर थांबलं असा अनुभव आजीला आलेला असतो, तो खोटा नसतो. टेरर झुंडीने येतात. आठ-दहा दिवस रोज, मग महिनाभर काहीच नाही. घर हैराण होऊन देवळात जातं ते आठव्या-नवव्या दिवशी, आणि झुंड ओसरण्याची वेळही तीच असते. त्याच रात्री अंगारा लावला आणि दोन मिनिटांत पोर शांत झालं, यातही तोच हिशोब आहे: ते शांत होणारच होतं.

आजीला तिचं काम जरूर द्या, फक्त वेळ बदला. संध्याकाळी आठच्या आत मीठ-मोहरीने दृष्ट काढली, कपाळाला अंगारा लावला, "आता कोण येत नाय, झोप हां" म्हणत थोपटलं तर चांगलंच आहे. रोज ठरल्या वेळी, ठरल्या माणसाने थोपटणं ही झोपेची उत्तम तयारी. रात्री किंचाळी आल्यावर मात्र यातलं काही नको. आणि पोराला भगतापुढे बसवून भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, चटके देणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, घरच्यांची संमती असली तरी.

झोपेचं देणं

टेररचं सर्वांत मोठं आणि आपल्या हातातलं कारण अपुरी झोप. दुपारची झोप धरून एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात 11 ते 14 तास लागतात, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला 10 ते 13, आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 9 ते 12.

आता चार वर्षांच्या पोराचा दिवस मांडू. बालवाडीची गाडी सव्वाआठला, म्हणून सातला उठवतात. घरातलं जेवण मालिका संपल्यावर, नऊला. अंथरूण साडेदहाला, डोळा लागतो अकराला. झाले आठ तास. दुपारची झोप बालवाडी सुरू झाल्यापासून बंद. म्हणजे रोज किमान दोन तास कमी, आठवड्याला चौदा. मेंदू हे देणं खोल झोप घेऊन फेडतो. पहिल्या दोन तासांत नेहमीपेक्षा जास्त खोल बुडी मारतो, आणि जितकं खोल जावं तितकं वर येताना अडकणं जास्त. "दिवसभर दमव, म्हणजे गाढ झोपेल" हा सल्ला म्हणूनच उलटा पडतो.

अकरावरून एका रात्रीत साडेनऊवर येता येत नाही, पोर नुसतं अंधारात लोळत राहतं. दर तीन दिवसांनी 15 मिनिटं मागे या. दीड तासाला सहा टप्पे, म्हणजे अठरा दिवस. उठण्याची वेळ रविवारीही तीच ठेवा. रात्री साडेनऊ ते सकाळी सात हे साडेनऊ तास, वर दुपारची तासाभराची झोप परत आणली की साडेदहा. गणित जमलं. दुपारची झोप साडेतीन-चारच्या आत संपवा, नाहीतर रात्रीची लांबते. चार वर्षांखालच्या मुलाची दुपारची झोप "आता मोठा झालास" म्हणून तोडू नका.

यात अडचण कोणती येते? जेवणाची. घर नऊला जेवत असेल तर पोराला साडेसातला वेगळा भात-आमटी कालवून द्यावी लागेल, आणि टीव्ही ज्या खोलीत आहे तिथे त्याचं अंथरूण चालणार नाही. एवढे दोन बदल जमले की बाकीचं सोपं. झोपण्याआधी तासभर मोबाइल बंद. संध्याकाळचा चहा-बटर बंद, कारण चहा झोप हलकी करतो आणि लोह अंगी लागू देत नाही. मग हातपाय धुणं, शू, मच्छरदाणी, एक गोष्ट, दिवा बंद. अर्धा तास, रोज याच क्रमाने. गोष्ट देवचाराची किंवा मुंज्याची नको. तिने टेरर येत नाही, पण पोर तासभर डोळे मिटायला घाबरतं आणि तो तास झोपेतूनच जातो.

वही, पेन आणि गजर

दहा रात्री वहीत लिहा. दुपारी किती झोपलं, रात्री डोळा किती वाजता लागला, किंचाळी किती वाजता, किती मिनिटं, त्या दिवशी ताप, प्रवास, पाहुणे, भांडण, नवी शाळा असं काही होतं का. बहुतेक वेळा दोन गोष्टी उघड होतात. एक, जास्त दमलेल्या दिवशी टेरर येतो. दोन, डोळा लागल्यापासून किंचाळीपर्यंतचं अंतर जवळजवळ ठरलेलं असतं.

हे दुसरं हाती लागलं तर एक युक्ती करता येते. टेरर येण्याआधीच मुलाला हलकं जागवायचं. समजा साडेनऊला डोळा लागतो आणि किंचाळी अकरा ते सव्वाअकराला येते. मग पावणेअकराला, म्हणजे नेहमीच्या वेळेच्या 15 ते 30 मिनिटं आधी, जवळ जाऊन हळूच नावाने हाक मारा, खांद्याला हात लावा, कूस बदलवा. मूल डोळे किलकिले करेल, "उं" करेल, काहीतरी पुटपुटेल. तेवढं पुरे. पूर्ण उठवायचं नाही, उभं करायचं नाही, दिवा लावायचा नाही. परत झोपू द्या. ज्या खोल टप्प्यातून मेंदू अडखळत वर येणार होता, तो टप्पाच आपण मोडलेला असतो. रोज न चुकता, दोन ते चार आठवडे. मग बंद करून बघा. पुन्हा सुरू झालं तर आणखी दोन आठवडे.

बिघडतं कुठे? हलवताक्षणी टेररच सुरू झाला तर तुम्ही उशिरा पोचलात, उद्या दहा मिनिटं आधी जा. टेरर नाहीसा न होता रात्री एकवर सरकला तर वहीत नवी वेळ लिहून गजर त्याप्रमाणे लावा. मूल टक्क जागं होऊन खेळायला लागलं तर फार जोरात हलवलंत. आणि जिथे वेळ रोज वेगळी असते, किंवा महिन्यातून एकदाच होतं, तिथे या उठवाउठवीला अर्थ नाही, उलट झोप मोडते. झोपेचे तास भरून काढायच्या आधी ही युक्ती करू नका. कित्येक घरांत ती वेळच येत नाही.

घोरणं आणि लोह

झोपेचे तास पुरे करूनही टेरर थांबत नसेल तर मुलाचा श्वास ऐका. रोज घोरतं, तोंड उघडं टाकून झोपतं, मधेच श्वास थांबून दचकल्यासारखं होतं, उशी घामाने भिजते, मान मागे टाकून झोपतं. हे टॉन्सिल आणि नाकामागच्या अ‍ॅडिनॉइडच्या गाठी वाढल्याचं लक्षण असू शकतं. श्वास अडला की मेंदू खोल झोपेतून खेचला जातो आणि टेररला वाट मिळते. कान-नाक-घसा तज्ज्ञाने गाठींवर उपचार केल्यावर टेररही थांबतो, असं अशा मुलांत पुष्कळदा दिसतं. सर्दी झाल्यावर चार दिवस घोरणं यात मोडत नाही.

दुसरं, पाय. झोपताना पाय आपटत राहतं, "पायात मुंग्या येतात" म्हणतं, रात्रभर लाथा मारतं, तर डॉक्टरांना हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे अंगात साठवलेलं लोह, तपासायला सांगा. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठवणीतलं लोह कमी असू शकतं. अंगणवाडीत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना लोहाचं जे सिरप मिळतं त्याचा डोस आठवड्यातून दोनदा 1 मिलि, त्यात 20 मिलिग्रॅम लोह असतं. ती बाटली फडताळात तशीच पडलेली असते, हे काही गुपित नाही. शौच काळी होते म्हणून आया थांबवतात. ती लोहामुळेच काळी होते, घाबरण्याचं कारण नाही. तिसऱ्यांचं सुकं, मटण, वर लिंबू पिळलेली कडधान्यं खायला द्या. जास्तीचं लोह मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको, त्याची विषबाधा होते.

सर्दीचं औषध देऊन झोपवणं, मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या किंवा मेलाटोनिनच्या गोड वड्या आणणं हे प्रकार करू नका. टेररला औषध क्वचितच लागतं, आणि ते तज्ज्ञानेच ठरवायचं असतं.

घराकडे एकदा पोराच्या उंचीवरून बघा

टेररमध्ये मूल धावतं, तेव्हा समोर काय आहे हे त्याला कळत नाही. कोकणातल्या घरात धोक्याच्या जागा ठरलेल्या आहेत. मागील दारची कडी खाली असते, ती काढून वर बसवा. मागल्या दाराबाहेर विहीर असेल तर तिला कठडा आणि वर जाळी हवीच. माळ्यावर पोराला झोपवू नका, जिन्याच्या तोंडाला फळी लावा. उंच उंबरठ्याला अडखळून दात पडतात, तिथे रात्री गोणपाट दुमडून टाका. देव्हाऱ्यातली समई आणि जळती डास अगरबत्ती अंथरुणाच्या वाटेत नको. विळी-अडकित्ता ओटीवर ठेवण्याची सवय असेल तर ती मोडा. मच्छरदाणी काढायची नाही, विंचू-सापापासूनही ती राखण करते, पण गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली असावी. लोंबती असली तर पोर तिच्यात गुरफटून आणखी घाबरतं. दाराला छोटी घंटी किंवा बैलाच्या गळ्यातलं जुनं घुंगरू अडकवा, दार उघडलं की कळतं.

डॉक्टरांकडे केव्हा

प्रसंग दोन मिनिटांहूनही छोटा, पण एका रात्रीत तीन-चार वेळा आणि दरवेळी हुबेहूब तसाच, एकच हात वळणं, तोंड एकाच बाजूला खेचलं जाणं, तर ती झोपेतली फिट असू शकते. टेरर दरवेळी थोडा वेगळा असतो आणि सहसा रात्रीतून एकदाच येतो. याशिवाय अर्ध्या तासापेक्षा जास्त चालणं, डोक्याला मार लागल्यानंतर सुरू होणं, पोराला इजा होणं, दिवसा पेंगणं, बारा वर्षांनंतरही चालू राहणं किंवा तेव्हाच पहिल्यांदा सुरू होणं, नवं औषध चालू केल्यावर येणं, यातलं काहीही असेल तर बालरोगतज्ज्ञाला दाखवा. मूल दिवसाही एखाद्या माणसाला किंवा जागेला घाबरत असेल, पुन्हा अंथरुणात शू करायला लागलं असेल, तर त्यामागचं कारण शांतपणे शोधा. वही आणि व्हिडिओ बरोबर न्या.

रात्रीची गाडी, आरत्या आणि पालखी

टेरर येणाऱ्या पोराला घेऊन मुंबईहून रात्रीच्या कोकणकन्येने किंवा तुतारीने यायचं म्हणजे एक रात्र मोडलीच. शक्य असेल तर दिवसाची गाडी घ्या. नाहीच जमलं तर पोचल्याच्या दुपारी आल्यागेल्याच्या पाया पडण्याआधी पोराला दीड तास झोपवा, आणि पहिल्या तीन रात्री आरत्या संपायची वाट न बघता नेहमीच्या वेळेआधी अर्धा तास अंथरुणात. त्याची स्वतःची चादर घरून आणा. ओटीपासून सर्वांत लांबची खोली मागून घ्या, आणि पहिल्या संध्याकाळीच घरातल्या मोठ्यांना सांगून ठेवा की रात्री ओरडलं तर कोणी आत यायचं नाही.

शिमग्यात ढोल-ताशे दाराशी येतात ते बहुधा पोर सर्वांत खोल झोपेत असताना. पालखी आली म्हणून झोपलेल्या पोराला उचलून अंगणात नेऊ नका. मोठा आवाज आणि खोल झोप एकत्र आली की टेररला आमंत्रणच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला न्हाऊ घालून सहाणेवर घेऊन जा, पालखी तिथेच असते.